बर्गनच्या बंदराची लाकडी प्रतिकृती: निपाणीच्या एका दिवाणजीचं मत

थोरली लेक आणि जावई नॉर्वेत बर्गनला असतात. गेल्या दिवाळीला आली तेव्हा तिनं माझ्या नातवासाठी, म्हणजे तिच्या भाच्यासाठी, एक जड खोका आणला. खोक्यावर चित्र होतं: पाण्याच्या काठाला खेटून उभी लाल-पिवळी लाकडी घरं, पुढं शिडाची जहाजं, आणि खाली तीन भाषांत ‘हान्सा व्यापाऱ्यांचं बंदर, इ. स. १४००’. प्लायवूडचे सुटे भाग जोडून हे बंदर उभं करायचं. नातू अकरा वर्षांचा. पहिले दोन दिवस त्यानं हौसेनं केलं, मग गल्लीत क्रिकेट सुरू झालं आणि काम माझ्याकडं आलं. तिसऱ्या दिवशी मधल्या बोळाच्या भिंती उभ्या केल्या आणि माझ्या ध्यानात आलं, अरे, ही तर वखार आहे. मग मी ते खाली ठेवलंच नाही.

मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत अडतीस वर्षं दिवाणजी होतो. १९७७ ला लागलो, २०१५ ला कीर्द आणि खतावणी पुढच्या माणसाच्या हाती देऊन घरी आलो. बोद, म्हणजे तंबाखूचे भरलेले गठ्ठे, कुठं लावायचे, कुठली थप्पी भिंतीपासून किती हात लांब ठेवायची, पावसाळ्यात कुठली खिडकी उघडायची नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. म्हणून हे मत खेळण्याचं दुकान बघितलेल्या माणसाचं कमी आणि माल सांभाळलेल्या माणसाचं जास्त आहे, हे आधी सांगून ठेवतो. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. कुणाला घ्यायचंच असेल तर विचारा, सांगेन.

आधी जोडणीचं. प्लायवूडचे चौदा पत्रे आहेत, त्यात लेझरनं कापलेले चारशेच्या आसपास तुकडे. खाचा नेमक्या बसतात, लाकूड सरळ आहे, कापताना कुठं ढलपी निघालेली नाही. सोबतचा गोंद नळीतच वाळलेला होता, तो मी टाकून दिला आणि फेव्हिकॉल वापरला. एका घराची मागची भिंत पाकिटात नव्हतीच. आमच्या गल्लीतल्या सुतारानं सागवानी फळीतून दहा मिनिटांत ती कापून दिली आणि पैसे घेतले नाहीत. पुस्तिकेत एक चूक आहे, ती लक्षात ठेवा: तेविसाव्या पायरीला धक्क्याच्या फळ्या चिकटवायला सांगितल्यात, पण यारीचा, म्हणजे जहाजातला माल उचलायच्या सांगाड्याचा, खांब त्या फळ्यांच्या आतून खाली जातो आणि तो येतो सव्विसाव्या पायरीला. क्रमानं गेलात तर फळ्या उचकटाव्या लागतील. मला लागल्या.

आता बंदराचं. हान्सा म्हणजे उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा संघ. ल्युबेक हे त्यातलं मोठं शहर. या लोकांनी परमुलखात चार मोठ्या पेढ्या उघडल्या: लंडन, ब्रुज, रशियातलं नोव्हगोरोद आणि नॉर्वेतलं बर्गन. बर्गन त्याआधीपासूनच मोठं होतं. राजा ओलाफ किर्रे यानं १०७० मध्ये ते वसवलं असं परंपरा सांगते, पुढं तिथं राजांचं राहणं झालं, राजा होकोन होकोनसन यानं बांधलेला तेराव्या शतकातला दगडी दरबार आजही उभा आहे. जर्मनांची पेढी साधारण १३६० ला रीतसर झाली आणि १७५४ पर्यंत टिकली. चारशे वर्षं एकाच धक्क्यावर एकच पेढी. त्या पेढीला ते ‘कॉन्टोर’ म्हणत.

प्रतिकृतीत सगळ्यात चांगली जमलेली गोष्ट म्हणजे मांडणी. घरं पाण्याला समांतर नाहीत. प्रत्येकाचं निमुळतं तोंड समुद्राकडं, आणि त्याच्यामागं एकामागोमाग एक लाकडी इमारती रांगेनं आत गेलेल्या. दोन रांगा समोरासमोर, मधे फळ्या टाकलेला अरुंद बोळ. या सगळ्याला मिळून एक वाडा, तिकडं त्याला ‘गोर’ म्हणतात. वरच्या मजल्यांना बाहेरून सज्जे आणि जिने, ते बोळावर झुकलेले, त्यामुळं खाली ऊन पडायची पंचाईत. नातू म्हणाला, “अज्जा, हितनं दोन माणसं बी जाणार न्हाईत.” मी त्याला सांगितलं, काठावरची जागा सोन्याच्या मोलाची असते. प्रत्येकाला जहाज लागायला थोडा तरी काठ हवा, म्हणून तोंड अरुंद आणि पोट लांब. बेळगावच्या रविवार पेठेत हेच आहे. रस्त्यावर दुकानाचं तोंड दहा-बारा फुटांचं, आणि आत जाल तर मागच्या गल्लीपर्यंत पोती. तिथं पाण्याच्या जागी रस्ता आहे इतकंच.

धक्क्यावरची यारीही बरोबर. खांबावर आडवं लांब लाकूड, एका टोकाला दोर, दुसरं टोक खाली ओढलं की जहाजातला गठ्ठा वर येतो आणि लाकूड फिरवलं की थेट दारात. लोखंड जवळपास नाहीच. नातवानं तिला दोऱ्याऐवजी सुतळी बांधली, ती जास्त शोभते.

रंग मात्र चुकले. खोक्यावर १४०० साल लिहिलंय आणि भिंती छापल्यात लाल, पिवळ्या, पांढऱ्या, मोठ्या काचेच्या खिडक्यांच्या. लेकीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, “बाबा, असंच दिसतंय हो इथं.” दिसतंय, पण ते आजचं. बर्गनचा हा भाग पुन्हा पुन्हा जळाला आहे: ११९८, १२४८, १३३२, १४१३, १४७६. १७०२ च्या आगीत तर जवळपास सगळंच गेलं. आज उभी आहेत ती घरं त्यानंतरची. पण नव्यानं बांधताना लोकांनी जुनेच पाये, जुनेच बोळ, जुन्याच वाड्यांच्या हद्दी धरल्या. म्हणजे अंग तीनशे वर्षांचं आणि हाडं मध्ययुगातली. कंपनीनं हाडं बरोबर घेतली आणि वर आजचा अंगरखा चढवला. मध्ययुगातलं लाकूड डांबर लावलेलं, काळपट, पावसानं करडं पडलेलं असणार. मी भिंतींची छापील बाजू आत घातली, कोरी बाजू बाहेर, आणि चहाच्या गाळाचं पाणी दोन हात मारलं. आता ते बंदर वाटतं.

आगीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझी सगळी नोकरी आगीच्या भीतीत गेली. तंबाखूच्या वखारीत काडी पेटवायची नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला नियम. मालकाच्या जावयालाही सूट नव्हती. चहा करायचा तर अंगणाच्या पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत. प्रतिकृती जोडताना मी दोन दिवस चूल शोधत होतो. चूल नाही, धुराडं नाही, काही नाही. नातूही म्हणाला, “ह्येला सैपाकघरच न्हाई की!” मला वाटलं कंपनी विसरली. मग लेकीनं तिथल्या संग्रहालयातून विचारून सांगितलं: पुढच्या लाकडी घरांत विस्तव पेटवायला मनाईच होती. ऊब नाही, दिवा नाही. बर्गन साठाव्या अक्षांशावर आहे, हिवाळ्यात दिवस पाच-सहा तासांचा, आणि पाऊस तर असा की आपल्या आंबोलीची आठवण यावी. त्या थंडीत व्यापाऱ्याकडं शिकायला आलेली जर्मन पोरं वरच्या मजल्यावर कपाटासारख्या बंद खणांत झोपायची. विस्तवाची जागा वाड्याच्या पार मागं. तिथं स्वयंपाकाची खोली आणि तिला लागून एक मोठी सभेची खोली, तिला ‘शोत्स्तुअ’ म्हणत. हिवाळ्यात सगळे तिथं जेवायचे, शेकायचे, पोरांची शाळा तिथंच. आणि त्याच मागच्या बाजूला जाड भिंतींची दगडी कोठारं, मौल्यवान माल आगीपासून वाचावा म्हणून.

ही मागची अर्धी बाजू खोक्यात नाही. माझ्या मते हा सगळ्यात मोठा दोष. पुढं शोभा आणि मागं रिकामा पुठ्ठा. वखार बघायची तर मागच्या दारानं बघावी, असं आमचे जुने दिवाणजी म्हणायचे. मी काळ्या दगडाच्या चिपा चुन्यात बसवून एक कोठार केलं आहे, सभेच्या खोलीचं छप्पर अजून व्हायचंय.

दुसरी उणीव त्याहून साधी आणि त्याहून मोठी. मासे नाहीत! धक्क्यावर पिंपं आहेत, पोती आहेत, एक कुत्रं आहे, पण ज्याच्यासाठी हे बंदर जगलं तो सुका मासा कुठंच नाही. लोफोटेनच्या बेटांवर, बर्गनच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवर, हिवाळ्यात कॉड मासा येतो. तो साफ करून, शेपटीला जोडीनं बांधून, मीठ न लावता, लाकडी मांडवांवर टांगतात. फेब्रुवारी ते मे. थंडी इतकीच असते की मासा सडत नाही आणि गोठूनही जात नाही, वारा त्याला वाळवतो. वजन पाचपट कमी होतं आणि तो लाकडासारखा टणक होतो. असा मासा वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडं कोकणातनं घाट चढून येणारा सुका बोंबील ज्यानं बाजारात बघितलाय त्याला हे कळायला वेळ लागणार नाही. युरोपात त्याला गिऱ्हाईक का, तर कॅथलिक धर्मात उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासा चालतो, आणि उपासाचे दिवस वर्षात भरपूर. समुद्रापासून लांबच्या गावाला उपासाचा मासा हवा तर तो सुकाच हवा.

म्हणून मी मासे केले. बांबूच्या कामटीच्या बोटभर चिरफाळ्या, एका टोकाला चीर देऊन, दोन-दोनची जोडी सुतानं बांधली. साठ जोड्या. बायको म्हणाली, “आता ह्यांना वास तेवढा आणा.” वासाचं तिचं बरोबर आहे. आमच्या घरात माझ्या सदऱ्याला तंबाखूचा वास निवृत्तीनंतरही वर्षभर होता. त्या पोरांच्या अंगाला माशाचा वास जन्मभर राहिला असेल.

माशांच्या मोबदल्यात काय? पीठ, माल्ट, बीअर, कापड. उत्तरेला धान्य पुरेसं पिकत नाही, ते बाल्टिक समुद्राकडनं जर्मन जहाजं आणायची. आता इथं माझ्या धंद्याची गोष्ट येते आणि पुस्तिकेत तिच्यावर दीड ओळ आहे. उत्तरेचा मासेकरी आपल्या होडीतनं मासा घेऊन बर्गनला यायचा तो कुठल्याही व्यापाऱ्याकडं जायचा नाही. त्याचा व्यापारी ठरलेला. मासा त्याच्या ओटीत घालायचा, पीठ आणि सामान त्याच्याकडनंच घ्यायचं, आणि जे अंगावर राहील ते खात्यावर. पुढच्या वर्षी पुन्हा. बाप मेला की खातं पोराच्या नावावर. फेडून मोकळा झालेला विरळा.

हे वाचून मी रात्री उठून बसलो. कारण हीच आमची उचल. लागणीच्या आधी शेतकरी वखारीत यायचा, बी-खताला, पोरीच्या लग्नाला उचल घ्यायचा, आणि तंबाखू त्याच वखारीत घालायचा, भाव काय तो नंतर. एका घराचं नाव मी आज्याच्या, बापाच्या आणि पोराच्या नावानं तीन खतावण्यांत पुढं ओढलं आहे, माझ्या हातानं. १९८१ ला शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. रस्त्यावर बसलेल्यांत माझ्या खतावणीतली कितीतरी नावं होती. दिवसा मी वखारीत खाती लिहायचो आणि रात्री मामाला भाकरी पोचवायला त्याच रस्त्यावर जायचो. मामा तंबाखूकरी होता. दोन्ही बाजू मला माहीत आहेत, त्यामुळं बर्गनच्या व्यापाऱ्याला नुसता सावकार म्हणून मी मोकळा होणार नाही. मासा आला नाही त्या वर्षीही पीठ उत्तरेला गेलं, आणि ते पीठ या खात्यावरच गेलं. पण भाव एकाच माणसाच्या तोंडी असला की वही कितीही चोख लिहा, शिल्लक एकाच बाजूला झुकते. हे मी वही लिहिणारा म्हणून सांगतो.

माणसांच्या बाहुल्या बावीस आहेत. त्यात धक्क्यावर टोपल्या घेतलेल्या बायका आणि खेळणारी मुलं आहेत. जर्मन वाड्यांत बायका नव्हत्या. पेढीतल्या माणसाला तिथं लग्न करायला बंदी होती. व्यापारी, कारकून, शिकाऊ पोरं, सगळे पुरुष, स्वतःच्या बोलीत बोलणारे, स्वतःच्या नियमांनी चालणारे. नव्या पोरांना आत घेताना त्यांचे छळाचे खेळ व्हायचे, धुरात टांगायचं, थंड पाण्यात बुडवायचं. ते पुढं वाचायला माझं मन धजलं नाही. बायका-मुलं मी काढून मागच्या रस्त्यावर ठेवली, जिथं नॉर्वेजियन लोकांची वस्ती होती. भाषेचं मात्र बघण्यासारखं: या जर्मनांची बोली शेजाऱ्यांच्या भाषेत इतकी मिसळली की नॉर्वेजियन भाषेत तिचे शब्द अजून ढिगानं आहेत. सीमेवरच्या माणसाला याचं नवल नाही. माझा नातू मला अज्जा म्हणतो, मी थोरल्या भावाला अण्णा म्हणतो, बहिणीला अक्का. हे शब्द कन्नडनं आम्हाला दिले आणि घरात कुणाला ते परके वाटत नाहीत.

तळाची पाटी सपाट आहे, तीही दुरुस्त करण्यासारखी. खरा धक्का समुद्रात भर घालून पुढं सरकवलेला होता. लाकडाच्या ओंडक्यांच्या चौकटी पाण्यात सोडायच्या, त्यात दगड-कचरा भरायचा, वर फळ्या. जळलेल्या वाड्यांचा राडाही त्यातच. जुन्या जहाजांच्या तुळयासुद्धा पायात सापडल्या आहेत. असं शतकानुशतकं पुढं जात किनाराच पुढं गेला. लाकूड पाण्यात बुडालेलं आहे तोवर कुजत नाही. आपण विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालतो ना, तेच. तिथं गेल्या शतकात शेजारच्या नव्या बांधकामामुळं जमिनीतलं पाणी खाली गेलं, लाकडाला हवा लागली आणि जुनी घरं खचायला लागली. मग पाण्याची पातळी पुन्हा वर आणायचं काम करावं लागलं. लेक म्हणते, बोळातनं चालताना एकही भिंत ओळंब्यात दिसत नाही. मी पुढच्या दोन चौकटी खराट्याच्या जाड काड्यांच्या केल्यात, बाजूनं बघितलं की दिसतात.

पैशाचं विचाराल तर लेकीनं किंमत सांगितली नाही, जावयांनी सांगितली: आपल्या पैशात साडेसहा हजार. गोंद वाळलेला, भिंत गायब, मागची बाजू नाही, हे धरून मी पाचात साडेतीन देईन. मांडणीसाठी पूर्ण गुण, बाकी कापले. आठ-दहा वर्षांच्या पोराला एकट्याला देऊ नका, सोबत कुणी मोठं बसणार असेल तरच घ्या. आणि मिरगाच्या आत त्याला काचेच्या कपाटात हलवा. आमच्याकडं जुलैत भिंतींना ओल येते, पातळ प्लायवूड फुगलं की खाचा निखळतील.

एक गोष्ट मात्र खोक्यात नव्हती आणि नातवानं घातली. १९५५ ला बर्गनच्या या धक्क्याचा एक भाग पुन्हा जळाला आणि त्या जागेवर आस्ब्योर्न हेर्टाइग या संशोधकानं तेरा वर्षं खोदकाम केलं. मातीत साडेसहाशेच्या वर कोरीव मजकूर निघाले, बरेचसे लाकडाच्या काटक्यांवर, रून नावाच्या तिकडच्या जुन्या लिपीत. त्यात मालाला बांधायच्या चिठ्ठ्या आहेत: अमुकचा माल. आमच्या बोदावर रंगानं मार्का मारायचे, तसाच. आणि एक काटकी आहे तिच्यावर इतकंच: “ग्युदा म्हणते, तू घरी ये.” हे ऐकल्यावर नातू क्रिकेट सोडून आला. त्यानं काड्या तासल्या, बॉलपेननं प्रत्येक गठ्ठ्याला नाव घातलं, एक गठ्ठा माझा, एक त्याच्या आत्याचा. शेवटच्या काडीवर त्यानं लिहिलं, “आज्जी म्हणते जेवायला या.” ती यारीच्या खांबाला बांधली आहे.

लेक मे महिन्यात येणार आहे. सभेच्या खोलीच्या दाराची रुंदी आणि छपराचा उतार मोजून आणायला सांगितलं आहे. तोवर कोठाराचा चुना वाळतोय.